घरच्या घरी कुलपाचा सराव : फळीवर कुलूप बसवायचं कसं आणि त्यातून शिकायचं काय?

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतली अनेक गावं आणि वस्त्या निम्म्या रिकाम्या होतात. ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या फडावर निघतात. मागे राहतात काही म्हातारी माणसं आणि दारांवर लटकणारी कुलपं. गाळप हंगाम संपेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, त्या घराची राखण मुठीत मावणाऱ्या धातूच्या एका तुकड्यावर असते.

दुसरीकडे मोबाइल उघडला की एखाद्या रीलमध्ये कुणीतरी बारीक सळई घेऊन अर्ध्या मिनिटात कुलूप उघडून दाखवतं. पाहणाऱ्याला दोन प्रश्न पडतात. आपल्या दाराचं कुलूपही असंच उघडेल का? आणि हे आपल्याला जमेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बरेच जण थेट घराच्या दाराशीच जाऊन बसतात. इथेच चूक होते. सराव करायचा तर वेगळं कुलूप घ्यायचं, ते फळीवर किंवा पकडीत घट्ट बसवायचं आणि मग हात घालायचा. हे कसं करायचं, कायदा काय सांगतो आणि यातून आपल्या दाराचं काय भलं होतं, ते या लेखात पाहू.

हा छंद आहे तरी काय?

किल्लीशिवाय, कुलपाची मोडतोड न करता ते उघडण्याच्या छंदाला जगभर ‘लॉकस्पोर्ट’ म्हणतात. जर्मनीत हॅम्बुर्गमध्ये १९९७ साली या छंदवाल्यांची रीतसर संघटना स्थापन झाली. बुद्धिबळ किंवा रुबिक क्यूबसारखंच हे कोडं आहे. फरक एवढाच, की इथे डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त काम असतं.

कुलूप उघडून दाखवण्याची चढाओढ मात्र फार जुनी आहे. लंडनमध्ये ब्रामा कंपनीने आपलं एक कुलूप दुकानाच्या खिडकीत ठेवलं होतं आणि ते उघडणाऱ्याला २०० गिनी बक्षीस लावलं होतं. साठ वर्षांहून जास्त काळ ते कुणाला उघडलं नाही. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनासाठी लंडनला आलेल्या अल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने ते उघडलं. त्यासाठी त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. त्याआधी त्याने चब कंपनीचं नावाजलेलं कुलूपही उघडलं होतं. मोठी खळबळ उडाली, पण त्यामुळे कुलपं सुधारली. पुढच्या दशकात अमेरिकेत लायनस येल ज्युनिअर याने पिनांच्या कुलपाचं पेटंट घेतलं. आज दारोदारी दिसणारी चपट्या किल्लीची कुलपं त्याच घराण्यातली.

आपल्याकडे अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली. उत्तर प्रदेशातलं अलिगढ आणि तमिळनाडूतलं दिंडीगुल ही आपल्या देशातली कुलपांसाठी प्रसिद्ध असलेली गावं. दिंडीगुलच्या कुलपांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

आधी दोन नियम, मग कायदा

जगभरचे छंदवाले दोन नियम पाळतात.

१. जे कुलूप आपलं नाही, त्याला मालकाच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही.

२. जे कुलूप रोजच्या वापरात आहे त्यावर सराव करायचा नाही, मग ते आपलं स्वतःचं का असेना.

दुसरा नियम नवख्यांना पटत नाही. पण कच्च्या हाताने पिन वाकते, स्प्रिंग दबते, कधी सळईचं टोक आत तुटून बसतं. मग संध्याकाळी शेतातून आल्यावर स्वतःच्याच घरात शिरता येत नाही. वापरातलं कुलूप वेगळं आणि सरावाचं वेगळं, असं ठेवलं की हा धोका राहत नाही.

आता कायद्याचं. भारतीय न्याय संहितेत कलम ३३० मध्ये घरफोडीची व्याख्या आहे आणि कलम ३३१ मध्ये शिक्षा. गृह-अतिक्रमण करण्यासाठी कुलूप उघडून आत शिरणं किंवा बाहेर पडणं हीसुद्धा घरफोडीच ठरते. दार तोडलं नाही, नुसतं कुलूप उघडलं, ही सबब चालत नाही.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम १२२ छंदवाल्यांनी खास लक्षात ठेवावं. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीचं साधन योग्य कारणाशिवाय जवळ सापडलं, तर तो गुन्हा आहे. कारण योग्य होतं हे सिद्ध करायची जबाबदारीही ज्याच्याकडे साधन सापडलं त्याच्यावरच येते. म्हणून सरावाची साधनं खिशात, गाडीच्या डिकीत किंवा दप्तरात घेऊन फिरू नये. ती सरावाच्या फळीजवळच, एका डब्यात ठेवावीत. सरावाची कुलपं दुकानातून घ्यावीत आणि बिल जपून ठेवावं.

कुलपाच्या आत काय चालतं?

पिनांच्या कुलपात एक गोल गाभा असतो, त्यातच किल्ली जाते. गाभ्याभोवती स्थिर कवच असतं. दोन्हींमधून आरपार बारीक भोकं असतात आणि प्रत्येक भोकात एकावर एक अशा दोन पिना व त्यांना दाबणारी एक स्प्रिंग. किल्ली नसताना पिना गाभा आणि कवच यांच्या सांध्यात आडव्या येतात, म्हणून गाभा फिरत नाही. बरोबर किल्ली घातली की प्रत्येक जोडीचा सांधा नेमका गाभ्याच्या कडेशी येतो आणि गाभा फिरतो.

कारखान्यात भोकं कितीही काळजीने पाडली तरी ती तंतोतंत एका रेषेत नसतात. त्यामुळे गाभ्यावर हलका पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, आधी एखादीच अडकते. ती उचलून जागेवर बसवली की पुढची अडकते. किल्लीशिवाय कुलूप उघडण्याचं सगळं तत्त्व हेच.

म्हणजे इथे सगळा खेळ जाणवण्याचा आहे. कोणती पिन घट्ट आहे, कोणती सैल, गाभा केसभर फिरला की नाही, हे बोटांना कळलं पाहिजे.

मग कुलूप बसवायचंच कशाला?

हातात धरलेलं किंवा कडीला लटकवलेलं कुलूप स्वतःच हलतं. पीळ गाभ्यावर जायच्या ऐवजी अख्खं कुलूपच फिरतं. बोटांना जे जाणवतं ते पिनेचं आहे, कुलपाच्या हलण्याचं आहे की आपल्याच मनगटाचं, हे कळेनासं होतं. एक हात कुलूप धरण्यात अडकतो आणि दोन हातांचं काम एका हाताने करावं लागतं.

कुलूप पक्कं बसवलं की दोन्ही हात मोकळे होतात आणि दर वेळी परिस्थिती सारखी राहते. काल का उघडलं आणि आज का नाही, याचं उत्तर शोधता येतं. शिकताना याची फार मदत होते.

कोणतं कुलूप घ्यावं?

बाजारात गेलात की आधी किल्ली पाहा. तिच्यावर डोंगररांगेसारखे चढउतार असतील, तर ते बहुधा पिनांचं कुलूप. पायऱ्यांसारख्या चौकोनी खाचा असतील आणि कुलपावर ‘६ लिव्हर’ किंवा ‘७ लिव्हर’ असं छापलेलं असेल, तर ते लिव्हरचं. किल्लीच्या सपाट बाजूवर खळगे असतील, तर तो पिनांचाच पण अवघड प्रकार.

आपल्याकडे गावोगावी लिव्हरची कुलपं जास्त चालतात आणि नवखे नेमके तिथेच अडतात. व्हिडिओत पिनांचं कुलूप पाहिलेलं असतं, हातात लिव्हरचं असतं. त्याची आतली रचना वेगळी, त्याला लागणारी साधनं वेगळी. चार दिवस खटपट करून माणूस छंदच सोडून देतो. म्हणून सुरुवात चार किंवा पाच पिनांच्या साध्या कुलपाने करा.

दुकानदाराला विचारून पुढच्यापैकी एखादं घ्या :

• चपट्या किल्लीचं लहान पितळी कुलूप.

• दारात बसणाऱ्या हँडल-लॉकचं सुटं सिलिंडर. हे खालून निमुळतं, किल्लीच्या भोकासारख्या आकाराचं असतं.

• नाइट लॅच. याचं गोल सिलिंडर दारातून आरपार जातं.

जुनं कुलूप हवं असेल तर घरातलं, किल्ली शाबूत असलेलं घ्या. किल्ली असणं महत्त्वाचं. कुलूप सुस्थितीत आहे का, हे तिनेच तपासता येतं.

बसवण्याच्या चार पद्धती

१. बेंच व्हाइस

आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड केलेल्यांना ही पकड चांगली ठाऊक असते. टेबलाच्या कडेला लावता येणारी लहान व्हाइस हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तिच्या जबड्यांना लाकडाच्या पातळ पट्ट्या किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे लावा, म्हणजे कुलपावर वळ उठत नाहीत.

कुलूप अंगाला धरून पकडा, कडीला नाही. उघडल्यावर कडी वर उडाली पाहिजे, म्हणून तिच्यापुढे जागा मोकळी ठेवा. पकड हलणार नाही इतपतच आवळा. जास्त आवळली तर कुलपाचं अंग दबतं, गाभा अडतो आणि मग किल्लीनेही फिरत नाही. आवळून झालं की आधी किल्ली घालून पाहा. ती सहज फिरली तर पकड बरोबर आहे.

२. लटकत्या कुलपासाठी फळी

१८ किंवा १९ मिलीमीटर जाडीचा, साधारण एक फूट लांबीचा प्लायचा तुकडा घ्या. त्यावर कुलूप आडवं ठेवून पेन्सिलने कड आखा. पटाशीने कुलपाच्या निम्म्या जाडीइतकी खाच करा. कुलूप खाचेत बसवा, त्यावर ट्यूबचा तुकडा ठेवा आणि नळाच्या पाइपला लावतात तसल्या दोन सॅडल स्क्रूने आवळा. किल्लीचं भोक फळीच्या कडेबाहेर किंचित पुढे राहू द्या, म्हणजे हाताला अडथळा होत नाही. कडीच्या बाजूलाही खाच वाढवून ठेवा.

पटाशी चालवता येत नसेल तर कुलपाच्या चारी बाजूंनी लाकडाच्या पट्ट्या ठोकून चौकट करा. दिसायला ओबडधोबड, पण काम तेच.

३. हँडल-लॉकचं सिलिंडर

या प्रकारच्या प्रमाणित सिलिंडरची उंची ३३ मिलीमीटर, वरच्या गोल भागाची रुंदी १७ आणि खालच्या भागाची १० मिलीमीटर असते. प्लायला १८ मिलीमीटरचं भोक पाडा. त्याच्या खाली साधारण ११ मिलीमीटर रुंदीची फट करवतीने कापा आणि कानशीने साफ करा. सिलिंडर त्यात सरकवा.

सिलिंडरच्या मध्यभागी खाली एक आटे असलेलं आडवं भोक असतं, त्यात ५ मिलीमीटरचा मशीन स्क्रू बसतो. फळीच्या मागे एल आकाराची पट्टी लावा, तिच्या भोकातून हा स्क्रू सिलिंडरमध्ये आवळा. मधली फिरणारी जीभ कशालाही घासत नाही ना, ते पाहा. ती अडली तर पिना जागेवर बसूनही गाभा फिरणार नाही आणि चूक आपली आहे असं वाटत राहील.

४. नाइट लॅच

हे बसवायला सगळ्यात सोपं, कारण मागची पट्टी आणि स्क्रू कुलपासोबतच येतात. फक्त ते दाराच्या जाडीसाठी बनवलेलं असतं. म्हणून प्लायचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवून जाडी ३६ ते ३८ मिलीमीटर करा. सिलिंडर मोजून त्या मापाचं भोक पाडा, बहुतेक वेळा ते ३२ मिलीमीटरच्या आसपास असतं. सरावासाठी नुसतं सिलिंडर बसवलं तरी पुरे.

तयार फळी टेबलाच्या किंवा खाटेच्या कडेला सी-क्लॅम्पने आवळा. क्लॅम्प नसेल तर फळीला खाली आडवी पट्टी जोडून तिच्यावर दोन विटा ठेवल्या तरी ती हलत नाही.

उंची, दिशा आणि उजेड

बसल्यावर कोपर साधारण काटकोनात येईल आणि खांदे उचलले जाणार नाहीत, अशा उंचीवर किल्लीचं भोक हवं. खाली वाकून काम केलं तर अर्ध्या तासात मान धरते आणि हाताचा हलकेपणा जातो.

दिशेचाही विचार करा. नाइट लॅचमध्ये पिना बहुधा वरच्या बाजूला असतात. हँडल-लॉकचं सिलिंडर निमुळती बाजू खाली ठेवून बसवतात, त्यामुळे पिना खाली येतात. कुलूप दारात जसं असतं तसंच फळीवर बसवा. नंतर फळी उलटी करूनही सराव करता येतो.

उजेड लागतो तो किल्लीच्या भोकात एकदा डोकावून पिना मोजण्यापुरता. त्यानंतर डोळे मिटले तरी चालतं. लाइट गेली म्हणून सराव थांबवायचं कारण नाही.

एका पिनेपासून सुरुवात

पाच पिनांच्या कुलपाशी पहिल्याच दिवशी झुंजण्यापेक्षा कुलूप सोपं करून घेणं शहाणपणाचं. सुट्या सिलिंडरचा हा मोठा फायदा. गाभ्यामागची गोल क्लिप काढा, किल्ली घालून गाभा थोडा फिरवा आणि बाहेर सरकवताना त्याच्या मागोमाग तेवढ्याच जाडीची लाकडी काठी आत घालत जा. काठी नसेल तर स्प्रिंगा उडतात आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर त्या परत सापडत नाहीत. हे काम परातीत किंवा मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून करा.

आता एकच जोडी आत ठेवून सिलिंडर जोडा आणि उघडून पाहा. जमलं की दोन, मग तीन. काढलेल्या पिना भोकांच्या क्रमाने कागदावर चिकटपट्टीने लावून ठेवा. क्रम चुकला तर मूळ किल्ली चालणार नाही.

रोज पंधरा-वीस मिनिटं पुरेत. वहीत तारीख, पिनांची संख्या आणि लागलेला वेळ लिहीत गेलात, तर आठवड्याभरात फरक दिसतो.

नेहमीच्या चुका

• जास्त पीळ देणं. नव्वद टक्के वेळा दोष इथेच असतो, असं जुने छंदवाले गमतीने म्हणतात. दूरध्वनीचं बटण दाबायला लागतो तेवढाच जोर पुरतो.

• तेल ओतणं. मराठवाड्यातली काळ्या मातीची धूळ तेलात बसली की आत चिखल होतो. पिनांच्या कुलपाला ग्राफाइटची कोरडी पूड बरी.

• एकाच कुलपावर महिनोन्‌महिने सराव. हाताला त्या कुलपाची सवय होते, कौशल्य वाढत नाही.

• लहान मुलांच्या हाती साधनं. टोकं अणकुचीदार असतात आणि तुटलेला तुकडा डोळ्यात उडू शकतो.

यातून दाराचा काय फायदा?

फळीवर दोन-चार कुलपं उघडली की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की कुलूप कायमचं कुणालाच अडवत नाही. ते फक्त वेळ लावतं. त्या वेळात कुणी पाहील, कुणी हटकेल, या भीतीने चोर माघारी जातो. हॉब्जला ५१ तास लागले, पण त्याला हटकणारं कुणी नव्हतं. सहा महिने बंद असलेल्या घरापुढे चोराकडेही वेळच वेळ असतो. म्हणून हंगामाला निघताना चांगल्या कुलपाइतकंच महत्त्व शेजाऱ्याला सांगून जाण्याला आहे. ग्रामसुरक्षा दल असेल तर त्यांनाही घर बंद असल्याचं कळवावं, आणि दागिने, रोकड घरात ठेवू नये.

दुसरी गोष्ट लक्षात येते फळी करताना. स्क्रू लाकडात किती सहज सैल होतो, ते आपल्याच हाताने कळतं. मग घराच्या दाराकडे पाहा. महागडं कुलूप आणि ते अडकवलेला कोयंडा मात्र अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंवर. असा कोयंडा पहारीच्या एका हिसक्याने निघतो, तिथे कुलूप उघडायची गरजच पडत नाही. कोयंड्याला दारातून आरपार जाणारे बोल्ट लावा आणि आतून नट आवळा. कुलूप बंद असताना बोल्टची डोकी झाकली जातील असा कोयंडा निवडा.

तिसरी गोष्ट देखभालीची. महिनोन्‌महिने धूळ खाल्लेलं कुलूप परतल्यावर उघडत नाही, जोर केला की किल्ली आत तुटते. निघण्यापूर्वी कुलूप झटकून साफ करा, त्यावर रबराचं किंवा पत्र्याचं झाकण लावा आणि एक किल्ली गावातल्या विश्वासू माणसाकडे ठेवा. एवढं करूनही अडलंच, तर चावीवाल्याला बोलवा. फळीवरच्या सरावाच्या जोरावर घराच्या कुलपाशी झुंजू नका.

मनात येणारे आणखी काही प्रश्न

हे शिकवल्याने चोऱ्या वाढतील का?

हा वाद हॉब्जच्या काळातही झाला होता. त्याचं म्हणणं असं, की चोरांना हे आधीपासूनच ठाऊक असतं, अंधारात असतो तो ग्राहक. शिवाय किल्लीशिवाय कुलूप उघडायला सराव, शांतता आणि वेळ लागतो. घाईत असलेल्या चोराला कोयंडा उचकटणंच सोपं पडतं.

यातून रोजगार मिळू शकतो का?

चाव्या बनवणं आणि कुलूप दुरुस्ती हा प्रामाणिक धंदा आहे आणि त्यात हाताची हीच जाण लागते. मात्र दुसऱ्याचं कुलूप उघडण्याआधी बोलावणारा खरोखर घरमालक आहे का, हे ओळखपत्र पाहून आणि शेजाऱ्याला विचारून तपासावं लागतं. चांगले चावीवाले ही सवय कधी सोडत नाहीत.

एकूण किती सामान लागतं?

एक प्लायचा तुकडा, चार स्क्रू, एक साधं कुलूप आणि थोडा धीर. सामानाची जमवाजमव एका दुपारी होते. धीराला मात्र थोडा वेळ द्यावा लागतो.